हॅडली काउंटीची परीक्षा

आमच्या हॅडली काउंटीत जमीन बघायला आलेला माणूस आधी मासेमारीचं विचारतो, मग हरणांच्या शिकारीचं, आणि निघता निघता मोबाइलला रेंज येते का ते. वेंडेल प्रॅट यांनी खुर्चीत बसायच्या आधीच मला विचारलं, की तुमच्या काउंटीत शेवटचा माणूस उपासमारीनं कधी मेला.

मी नेवा स्ट्राउड. गावात पशुखाद्याचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत बसून मी जमिनी विकते. माझा जन्म इथलाच, आणि मिसूरीच्या या डोंगरपट्ट्यातला एकेक उतार मला पाठ आहे. पण हा प्रश्न मला कुणी कधी केला नव्हता. मी जरा विचार केला आणि म्हटलं, उपाशी मेल्याचं काही कानावर नाही, चर्चच्या पंगतीत जास्त खाऊन मेलेले मात्र दोघं माहीत आहेत.

त्यांच्या मागं उभी असलेली बायको खळखळून हसली. ते हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली, जणू हीसुद्धा कामाचीच माहिती होती.

प्रॅट नवराबायको ओहायोचे. दोघंही साठीच्या पुढचे. घर विकून टाकलं होतं आणि एक राहती गाडी घेऊन दोन वर्षं ते काउंट्या तपासत फिरत होते. उद्या जगाचा गाडा अडला, दुकानं बंद पडली, वीज गेली ती गेलीच, तरी जिथं आपलं अन्न, आपलं पाणी आणि आपलं सरपण हाताशी असेल अशी जागा त्यांना हवी होती. म्हणजे खरं तर वेंडेलना हवी होती. आयडाहोत हिवाळा फार लांब निघाला. टेनेसीत माणसं फार झाली. केंटकीतली एक जागा जवळजवळ पक्की झाली होती, तेवढ्यात डोंगराआडून जाणारा रेल्वेमार्ग दिसला आणि त्यावरून रसायनांच्या टाक्या जातात हे कळलं. झालं, गाडी पुढं निघाली.

बायकोचं नाव रोझलिन. तिनं शाळेत गाणं शिकवण्यात जन्म घालवला होता. वेंडेल दुकानात चौकशी करायला गेले तेव्हा ती मला म्हणाली, ‘‘मला काही फार नको आहे. सकाळी दोरीवर घातलेले कपडे संध्याकाळी त्याच दोरीवरून काढायला मिळाले की बास.’’

दोन दिवस मी त्यांना माझ्या गाडीतून हिंडवलं. वेंडेलच्या प्रश्नांना अंत नव्हता. पाऊस किती, वसंतातलं शेवटचं हिमदव कधी पडतं, विहीर किती खोल खणावी लागते, जवळपास तुरुंग आहे का, धरण आहे का, वावटळी कुठल्या दिशेनं येतात, घर बांधायला कुणाची परवानगी लागते. परवानगीचं ऐकून ते पहिल्यांदा खूश झाले, कारण आमच्याकडं ती कुणाचीच लागत नाही. मातीचं विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, की दगड हेच आमचं मुख्य पीक आहे आणि ते दरवर्षी न पेरता येतं. गोचिडांचंही लपवलं नाही. जमीन विकणाऱ्या बाईनं खरं बोलावं याचंच त्यांना नवल वाटत होतं. मला उलट तो माणूस आवडायला लागला होता. हट्टी होता, पण प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर ऐकून घ्यायचा. आमच्या भागातल्या पुरुषांत ही गोष्ट दुर्मीळ आहे.

शेवटी मी त्यांना पर्सिमन खोऱ्यात नेलं.

त्या खोऱ्यात शिरायला एकच वाट आहे आणि ती कॅटबर्ड ओढ्यावरच्या फरशीवरून, म्हणजे पाण्यालगतच्या ठेंगण्या पुलावरून, जाते. एरवी फरशीवर घोट्याएवढंही पाणी नसतं. आत पाच-सहा घरं आहेत. पहिलं माझ्या भावाचं, डेल्बर्टचं. खोरं संपतं तिथं मिस ओपल यांचं. मिस ओपल ऐंशीच्या पुढच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली; आमच्याकडं वयस्क बाईला मानानं ‘मिस’च म्हणतात. आता गुडघे ऐकेनात म्हणून त्या स्प्रिंगफील्डला मुलीकडं राहायला जायच्या बेतात होत्या. जागा विकायची होती, पण तीन गिऱ्हाइकं त्यांनी स्वतःच परत धाडली होती. एकानं सफरचंदाची झाडं तोडून तिथं मोटारींची शेड कुठं बसेल ते विचारलं, तो फाटकापर्यंतसुद्धा टिकला नाही.

वेंडेलनी ती जागा पाहिली आणि त्यांचे प्रश्नच थांबले. घरामागच्या टेकाडातून, खडकाच्या फटीतून, मनगटाएवढी धार बाहेर पडते. ती कधी आटत नाही आणि गढूळही होत नाही. खाली दगडी हौद आहे. शेजारी जमिनीत खोदलेलं तळघर, त्यात टोमॅटो, घेवडा, बीट, पीच यांच्या बरण्या ओळीनं. स्वयंपाकघरात लाकडावर चालणारी बिडाची चूल, भट्टीसकट. ओक आणि अक्रोडाचं रान. दक्षिणेला उतरतं माळरान. वेंडेल झऱ्यापाशी गुडघ्यावर बसले, ओंजळ भरून पाणी प्यायले आणि कितीतरी वेळ उठले नाहीत. रोझलिननं माझा हात घट्ट धरला.

मग ते उठले आणि त्यांच्यातला वेंडेल प्रॅट जागा झाला. कुंपण कुठून घ्यायचं, झऱ्यावर पक्की खोली बांधून कुलूप कसं लावायचं आणि वेळ आली तर खालच्या घरांतून चालत येणाऱ्या माणसांना कुठं अडवायचं, हे ते मला सांगू लागले. मिस ओपल काठी टेकत मागंच उभ्या होत्या.

‘‘खालच्या घरांतली माणसं म्हणजे डेल्बर्ट आणि मंडळी ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कुणीही असू शकतं,’’ वेंडेल म्हणाले. ‘‘तहानलेला माणूस ओळख ठेवत नाही हो.’’

मिस ओपल काठी टेकत घरात वळल्या. त्यांनी दोघांना चहा दिला, मक्याचा पाव आणि मध दिला, आणि ताटल्या आवरायच्या निमित्तानं मला आत बोलावून सांगितलं, की बायको सोन्यासारखी आहे पण या माणसाला जागा मिळायची नाही. म्हणाल्या, या झऱ्याला आजवर दार नव्हतं आणि माझ्यामागंही नसेल.

मला वाईट वाटलं. पण ते त्यांना त्या दिवशी सांगायला माझी जीभ रेटेना, कारण दुसऱ्या दिवशी आमच्या घरचं लग्न होतं. डेल्बर्टची मुलगी टेसा, माझी भाची, तिचं. नवरदेव सीमेपलीकडचा, आर्कान्सॉचा. त्याचं सगळं गोत आदल्या दिवशीच येऊन डेल्बर्टच्या अंगणात तंबू ठोकून बसलं होतं. पाद्रीही सकाळपासून त्यांच्याबरोबर ओढ्यावर मासे धरत होता. मी प्रॅट मंडळींना म्हटलं, गाडी आज मिस ओपल यांच्या माळावरच राहू द्या, लग्नाला थांबा, बाकीचं नंतर बघू. वेंडेलनी आकाशाकडं पाहिलं आणि फरशीचं काय, असं विचारलं. मी म्हटलं, काही होत नाही तिला.

तर तिला झालं. वरच्या अंगाला रात्रभर कोसळलेला पाऊस सकाळी ओढ्यातून खाली आला. मी डेल्बर्टच्याच घरी झोपले होते. उठून पाहते तो फरशी दिसतच नव्हती. तिच्या जागी चॉकलेटी पाणी घोंघावत चाललेलं, आणि त्यातून एक आख्खं सायकॅमोरचं झाड मुळांसकट निघालेलं. वीज गेलेली होती. वीज नाही म्हणून विहिरीचा पंप नाही, पंप नाही म्हणून घरात पाणी नाही. अंगणात पन्नास-साठ माणसं. आणि लग्नाचं जेवण ओढ्याच्या पलीकडं.

जेवणाचा सगळा भार हार्लन नावाच्या आमच्या गावच्या आचाऱ्यावर होता. त्यानं रात्रभर धुरावर भाजलेलं मांस ट्रकमध्ये भरून सकाळी बरोबर वेळेवर आणलं. तो ट्रक, त्यातलं ते सोन्यासारखं मांस आणि मागच्या गाडीतला तीन मजली केक, सगळं पलीकडच्या काठावर उभं होतं. हार्लन हात हलवून काहीतरी ओरडत होता, पण पाण्याच्या आवाजापुढं अक्षर ऐकू येत नव्हतं. माझा भाऊ सव्वासहा फुटी गडी, लाकडाच्या वखारीत जन्म गेलेला. तो काठावर उभा राहून त्या ट्रकाकडं बघत अक्षरशः रडला. टेसा नवरीमुलगी असून तिनंच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मी म्हटलं, लग्न उद्यावर ढकलू. टेसा म्हणाली, ‘‘आत्या, मी आजच करणार. नवरा अलीकडं आहे, पाद्री अलीकडं आहे. मांसाशी कुठं लग्न करायचंय मला?’’

एवढ्यात खोऱ्याच्या वरच्या बाजूनं वेंडेल चालत आले. पायात गुडघ्यापर्यंत बूट, डोक्याला दिवा, पाठीवर पिशवी. चेहरा मात्र वेगळाच. दोन दिवस ज्या माणसाच्या कपाळावरची आठी मी पाहत होते तो माणूस ताजातवाना, जणू दहा वर्षांनी तरुण होऊन आला होता. त्यांनी डेल्बर्टला विचारलं, की कुणी आजारी आहे का, कुणाला रोजचं औषध लागतं का, तान्ही मुलं किती, प्यायचं पाणी किती उरलंय. डेल्बर्टनं नाक पुसत पुसत सगळं सांगितलं. वेंडेल म्हणाले, मग अडचण नाही. पाण्याचं मी बघतो.

त्यांनी मिस ओपल यांच्या झऱ्यापासून नळी टाकली. उतार असल्यामुळं पंपाची गरजच नव्हती. डेल्बर्टच्या ट्रकवर पिंपं चढवली, वर झऱ्याखाली नेली, भरली की खाली आणली, की पुन्हा वर. नवरदेवाकडचे पोरगे हाताशी होतेच. पण प्रत्येक पिंपावर बसून, ते हिंदकळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून, प्रत्येक खेपेला वेंडेल स्वतः आले. म्हाताऱ्या माणसांच्या भांड्यात त्यांनी स्वतः ओतून दिलं. दुपारपर्यंत ते नखशिखान्त भिजले होते. मिस ओपल ओसरीवर बसून हे सगळं बघत होत्या.

जेवणाचा प्रश्न रोझलिननं सोडवला, आणि तोही असा की मला आयुष्यभर आठवेल. राहत्या गाडीच्या पोटात, पलंगाखाली, बाकांखाली, सगळीकडं झाकणबंद बादल्या होत्या. सुकवलेला तांदूळ, घेवडा, कोंबडीचं सुकं मांस, अंड्यांची भुकटी, दुधाची भुकटी, लोण्याचीसुद्धा भुकटी. पंचवीस वर्षं टिकतं म्हणे. दोन वर्षं ती बिचारी या बादल्यांवरून उड्या मारत स्वयंपाक करत होती. तिनं वेंडेलना बोलावलं आणि शांतपणे विचारलं, ‘‘उघडू?’’

वेंडेलनी एका झाकणावर हात ठेवला. त्या बादल्या म्हणजे त्यांचा जीव होता हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. एकदा झाकण निघालं की ते अन्न पुन्हा टिकत नाही. त्यांनी एकदा ओढ्याकडं पाहिलं, एकदा अंगणातल्या माणसांकडं.

‘‘हे संकटासाठी ठेवलंय, रोझ,’’ ते म्हणाले.

‘‘साठ माणसांचं लग्न आणि जेवण नाही,’’ रोझलिन म्हणाली. ‘‘याहून मोठं संकट तू कुठून आणणार आहेस?’’

वेंडेलनी खिशातून चाकू काढला आणि पहिल्या बादलीचं झाकण स्वतः उचकटलं.

मग खोऱ्यातल्या प्रत्येक घराचं तळघर उघडलं. कुणी बरण्यांतला घेवडा आणला, कुणी बीटाचं लोणचं, कुणी हरणाच्या मांसाची सॉसेजं, कुणी डुकराची धुरावलेली मांडी. नवरदेवाच्या काकांनी आदल्या दिवशी धरलेले मासे पिठात घोळवून तळायला घेतले. अंगणात तीन चुली पेटल्या. वेंडेलची सुकी कोंबडी आणि तांदूळ मोठ्या हंड्यात शिजायला लागले आणि खोऱ्यातल्या बायका पळी बुडवून चव बघायला लागल्या. एकीनं तोंड वाकडं केलं, दुसरीनं त्यात मूठभर कांद्याची पात आणि डुकराची चरबी टाकली, आणि मग सगळ्यांचं एकमत झालं, की जगबुडी आली तरी हरकत नाही, फक्त येताना कांद्याची पात घेऊन यावी.

केक मिस ओपल यांच्या चुलीवर झाला. आमच्या भागात पूर्वी लग्नाचा केक कुणा एकाच्या घरचा नसायचा. प्रत्येक घर भाकरीएवढा एक पातळ थर भाजून आणायचं, मध्ये वाळवलेल्या सफरचंदांचा मुरंबा भरायचा आणि थरावर थर रचायचे. थर जितके जास्त तितकी नवरी लोकांची लाडकी. मिस ओपल खुर्चीत बसून सांगत होत्या आणि रोझलिन अंड्यांच्या भुकटीत झऱ्याचं पाणी घालून पीठ मळत होती. ती बिडाची चूल सरपण घालून नुसती पेटवून चालत नाही, तिच्याशी बोलावं लागतं. पहिला थर करपला. दुसरा कच्चा राहिला. तिसऱ्यापासून दोघींचं गाणं सुरू झालं. रोझलिनचा आवाज मोठा होता आणि मिस ओपल यांचा जुना, थोडा कापरा. मी दारात उभी राहून सफरचंदं कुस्करत होते आणि मधूनच माझाही आवाज मिसळत होता.

पलीकडच्या काठावर एव्हाना जत्रा जमली होती. गावातून निघालेले पाहुणे येऊन अडकले होते, पण परत कुणी गेलं नव्हतं. ते पाहून वेंडेलनी आणखी एक गोष्ट गाडीतून काढली. बॅटरीवर चालणारा भोंगा. पुराच्या वेळी माणसांना सूचना द्यायला म्हणून घेतला होता. ते म्हणाले, लग्न अंगणात कशाला, काठावरच्या उंच माळावर लावा, म्हणजे पलीकडच्यांना दिसेल आणि याच्यामुळं ऐकूही जाईल.

तसं झालं. ऊन पडलं होतं, गवत धुतल्यासारखं हिरवंगार होतं, खाली ओढा गर्जत होता. अलीकडं आम्ही, पलीकडं ते, मध्ये पूर. टेसानं आईच्या पांढऱ्या झग्याखाली रबरी बूट घातले होते. पाद्रीनं तोंडाला भोंगा लावला आणि त्याचा आवाज डोंगरावर आपटून परत यायला लागला, त्यामुळं प्रत्येक वचन दोनदा ऐकू येत होतं. मग त्यानं विचारलं, की या विवाहाला कुणाची हरकत असेल तर त्यानं आत्ताच बोलावं.

पलीकडून हार्लनच्या ट्रकचा हॉर्न वाजला. लांबलचक.

सगळ्यांच्या माना पलीकडं वळल्या. मग आधी टेसा हसायला लागली, मग नवरदेव, मग पाद्रीला हसू आवरेना आणि ते हसणं भोंग्यातून सगळ्या खोऱ्यात पसरलं. हार्लन पलीकडं दोन्ही हात जोडून माफी मागत होता. नंतर कळलं, की तो चुकून हॉर्नवर रेलला होता. पाद्रीनं भोंग्यातूनच जाहीर केलं, की मांस पलीकडं अडकल्यामुळं हार्लनची हरकत ग्राह्य धरता येत नाही. आणि लग्न लागलं. पलीकडच्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले, या वेळी मुद्दाम.

जेवायला बसलो तेव्हा पलीकडच्यांनीही ट्रक उघडला. डेल्बर्टनंच भोंग्यातून सांगितलं, की खा बाबांनो, वाया घालवू नका, आणि तीन मजली केकही खा. आमच्या व्हायोलिनवाल्यानं भोंग्याजवळ बसून सुरुवात केली की पलीकडं दहा-बारा जोडपी नाचायला लागायची. सूर त्यांना उशिरा पोचत असावा, कारण त्यांची पावलं आमच्यापेक्षा जरा मागं पडत होती.

केकला अकरा थर भरले. एवढा उंच केक खोऱ्यात कुणी पाहिला नव्हता. डेल्बर्ट एव्हाना पुरता सावरला होता. त्यानं वेंडेलना उभं केलं आणि म्हणाला, की या गृहस्थांनी आज आपल्याला पाणी पाजलं आणि जेवू घातलं, आता त्यांनी चार शब्द बोलावेत. मागून कुणीतरी ओरडलं, काउंटीचा निकाल सांगा आधी. वेंडेल काय करत फिरतायत हे तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

वेंडेल भोंगा हातात घेऊन उभे राहिले. त्यांना खोटं बोलता येत नाही.

‘‘खरं सांगू?’’ ते म्हणाले. ‘‘ही काउंटी नापास आहे. फरशीची उंची कमी आहे. वाट एकच आहे. दवाखाना तासाभरावर. मातीत दगड. गोचिडं...’’

‘‘साप राहिले,’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘साप. पूर्वेला भूकंपाचा पट्टा.’’

‘‘उन्हाळ्यातली दमट हवा,’’ एका बाईनं भर घातली. ‘‘आणि शेरीफ बहिरा आहे,’’ दुसऱ्या टेबलावरून आलं. मग चढाओढच लागली. रेडिओ लागत नाही, टपाल चुकीच्या घरी जातं, डेल्बर्टचा कोंबडा पहाटेऐवजी दुपारी आरवतो. आपल्या काउंटीची एवढी निंदा एवढ्या प्रेमानं होताना मी कधी ऐकली नव्हती. वेंडेल प्रत्येकाला मान डोलावत होते, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं.

हशा ओसरला तेव्हा ते म्हणाले, ‘‘मी विम्याचा सर्व्हेअर होतो. पूर येऊन गेला, आग लागून विझली, की मग मी जायचो. चाळीस वर्षं. माणसं पायरीवर बसलेली असायची आणि मी नुकसान मोजायचो. मी नेहमी दुसऱ्या दिवशी पोचायचो. आज आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच दिवशी हजर होतो.’’ ते थांबले. भोंगा हातातच राहिला होता, बोलले ते साध्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू गेलं. ‘‘मला वाटायचं, त्या दिवशी माणसं एकमेकांच्या अंगावर जात असतील. मी कधी पाहिलंच नव्हतं.’’

रोझलिननं उठून त्यांचा हात धरला आणि त्यांना नाचायला नेलं. त्यांना नाच अजिबात येत नव्हता. दोन्ही काठांनी ते पाहिलं.

मिस ओपल यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. त्या केकचा शेवटचा तुकडा बोटानं टिपून खात होत्या. म्हणाल्या, वेंडेलला विचार, झऱ्याला कुलूप लावायचं अजून मनात आहे का. मी म्हटलं, तुम्हीच विचारा. नाच संपल्यावर वेंडेल धापा टाकत आले तेव्हा मिस ओपल यांनीच विचारलं.

वेंडेलनी जरा विचार केला. ‘‘कुलूप नको,’’ ते म्हणाले. ‘‘पण मिस ओपल, नळी मात्र कायमची टाकायला हवी. खालच्या घरांपर्यंत. जमिनीत पुरून, नाहीतर थंडीत फुटेल. आज आपण पिंपं वाहिली, हे काही खरं नाही.’’

मिस ओपल माझ्याकडं वळल्या. ‘‘नेवा, सोमवारी कागद तयार कर.’’

‘‘पण काउंटी नापास आहे म्हणतायत ना हे,’’ मी मुद्दाम म्हटलं.

‘‘आहेच,’’ वेंडेल म्हणाले. ‘‘फरशीचं मी बघणार आहे.’’ रोझलिननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडतेय की हसतेय ते कळेना, मग कळलं की दोन्ही.

ओढा रविवारी दुपारी उतरला. हार्लन रिकामा ट्रक घेऊन पहिला आत आला आणि हंड्यात उरलेला तो कांद्याच्या पातीचा भात उभ्या उभ्या खाऊन गेला.

प्रॅट मंडळी पानगळीच्या आत राहायला आली. नळी पहिलं बर्फ पडायच्या आधी जमिनीत गेली, खोऱ्यातल्या सगळ्यांनी मिळून चर खणला आणि निघालेल्या दगडांतून मिस ओपल यांच्या माळाला, आता रोझलिनच्या माळाला, छानसा बांध झाला. फरशीबद्दल वेंडेल दर महिन्याला काउंटीच्या सभेत उभे राहतात. फरशी अजून तेवढीच आहे, पण सभेला गर्दी वाढली आहे, कारण त्यांचं बोलणं ऐकायला लोक येतात. मिस ओपल यांना मुलगी महिन्यातून एकदा आणून सोडते. त्या ओसरीवर बसून रोझलिननं नव्यानं पाळलेल्या हंसांना नावं ठेवतात.

जमीन बघायला कुणी आलं की मी आता त्याला आधी वेंडेलच्या ओसरीवर नेऊन बसवते. ते काउंटीचे सगळे दोष नीट, काही न लपवता सांगतात. अर्धी गिऱ्हाइकं तिथूनच गाडी वळवतात. गेल्या आठवड्यात टेक्सासहून एक तरुण जोडपं आलं होतं. वेंडेल भूकंपापर्यंत पोचले होते, नवऱ्याचा चेहरा पडत चालला होता. तेवढ्यात घरामागून रोझलिनची हाक आली, की एक हंस झऱ्याच्या हौदात उतरलाय, कुणीतरी धरायला या. बायको ताडकन उठली, बूट काढून ओसरीवर भिरकावले आणि हौदाकडं पळत सुटली. वेंडेल बोलायचे थांबले, माझ्याकडं बघून हसले आणि आत जाऊन तीन ताटल्या जास्त मांडायला लागले.